मोटारीच्या टाकीतील पंप आणि त्याचे पहारेकरी



पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा अशा मजला मारीत मच्छलीपट्टणपर्यंत जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग आहे, त्यावर धाराशिव जिल्ह्यात अणदूर हे गाव लागते. शेजारीच नळदुर्ग. या दोन गावांचे नाते मोठे अपूर्व आहे. खंडोबाची मूर्ती एक आणि देवळे दोन. वर्षाचा बहुतेक काळ देव अणदुरास असतो व उरलेला थोडा काळ नळदुर्गास. पौष पौर्णिमेला नळदुर्गास जत्रा भरते. त्या दिवसांत, आणि एरवीही, या रस्त्याने सहकुटुंब प्रवास करणाऱ्या गाड्यांना तोटा नसतो.

अशा रस्त्यावर एखादी चांगली चालती गाडी एकाएकी बंद पडते. किल्ली फिरविली तर सेल्फ जोरात फिरतो, दिवे लख्ख लागतात, काट्यावर टाकी अर्धी भरलेली दिसते. परंतु एंजिन काही केल्या सुरू होत नाही. घरचे यजमान बॉनेट उघडून आत पाहत राहतात, मंडळी उतरून झाडाची सावली धरतात, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण एकेक सल्ला देऊन पुढे जातो. जाणता मेकॅनिक मात्र आधी बॉनेटकडे पाहतच नाही. तो मागचे दार उघडतो, मागच्या बैठकीजवळ कान नेतो आणि यजमानांना किल्ली फिरवावयास सांगतो. किल्ली फिरताच बैठकीखालून दोन सेकंद बारीक घुं असा आवाज यावयास हवा. तो आला नाही, की त्याचे निदान निम्मे झाले.

हा आवाज कोणाचा, तो दोनच सेकंद का होतो, आणि तो बंद पडला असता उतावळेपणाने काय करू नये, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पेट्रोल पंप म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याच्या कडेचे तेल भरण्याचे ठिकाण येते. येथे तो पंप अभिप्रेत नाही. गाडीच्या टाकीत बुडालेला, मुठीत मावेल एवढा एक विजेचा पंप असतो. कारागीर लोक त्याला फ्युएल पंप किंवा नुसते 'टाकीतली मोटर' असे म्हणतात. टाकीतील पेट्रोल उचलून एंजिनापर्यंत पोहोचविणे हे त्याचे काम. काम साधे दिसते. परंतु ते करण्याची रीत गेल्या शंभर वर्षांत तीनदा पालटली, आणि प्रत्येक वेळी सोयीबरोबर एक नवा धोकाही पदरात आला. तो इतिहास थोडक्यात पाहिल्याखेरीज आजच्या पंपाच्या तारा अशा का जोडलेल्या असतात ते ध्यानात यावयाचे नाही.

अगदी आरंभी पंप नव्हताच. टाकी उंचावर आणि एंजिन खाली, म्हणजे पेट्रोल आपल्या वजनाने उतरत असे. १९०८ ते १९२७ या काळात निघालेली फोर्डची प्रसिद्ध 'मॉडेल टी' गाडी याच जातीची. तिची टाकी चालकाच्या बैठकीखाली असे. टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ लागला, की एंजिन टाकीपेक्षा उंच जाई आणि उपाशी राही. तेव्हा चालक गाडी फिरवून उलट्या गियरमध्ये चढ चढवीत असत. आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या निजामी मुलखात, १९३२ साली संस्थानच्या रेल्वेखात्याने २७ बसगाड्यांनिशी सरकारी मोटार वाहतूक सुरू केली, त्या सुमारास मोटारीचे यंत्र अशा बाळबोध अवस्थेतून नुकतेच बाहेर पडत होते.

पुढे टाकी मागे गेली, खाली गेली, आणि पंपाची गरज उत्पन्न झाली. तेव्हा एंजिनावरच एक छोटा पडद्याचा पंप बसविण्यात आला. एंजिन फिरले की त्याच्या आतील एक दांडा पंपाचा पडदा खालीवर करी व पेट्रोल खेचून घेई. मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावलेली पद्मिनी, किंवा १९८३ साली बाहेर पडलेली पहिली मारुती ८००, या गाड्यांत असाच पंप होता. या रचनेतील एक गुण पटकन लक्षात येत नाही. एंजिन थांबले की पंप आपोआप थांबे. गाडी झाडावर आदळली, एंजिन बंद पडले, तर पेट्रोल पुढे ढकलणारेच कोणी उरत नसे. हे संरक्षण कोणी मुद्दाम योजलेले नव्हते. ते रचनेतच आलेले होते.

विजेचा पंपही त्या काळी अगदी नवा नव्हता. १९४८ साली निघालेल्या इंग्लंडच्या मॉरिस मायनर गाडीत एस. यू. कंपनीचा विजेचा पंप असे. किल्ली लावली की तो टक्-टक् असा ठेका धरी आणि कार्बुरेटरची वाटी भरली की गप्प बसे. त्याचा दाब अगदी अल्प होता. तरीपण एक गोष्ट त्याने दाखवून दिली: विजेच्या पंपाला एंजिनाशी देणेघेणे नाही. एंजिन फिरो वा न फिरो, वीज मिळते तोवर तो आपले काम करीत राहणार. नळी तुटली तर तुटल्या नळीतूनही तो पेट्रोल ओतीतच राहील.

ही गोष्ट खरी महत्त्वाची ठरली ती कार्बुरेटर जाऊन इंजेक्शनची पद्धत आली तेव्हा. १ एप्रिल २००० पासून आपल्या देशात धुराविषयीचे नियम कडक झाले. त्या सुमारास गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरे दिसू लागली, ती अनेकांना आठवत असतील. कार्बुरेटरमध्ये एंजिन पेट्रोल आपण होऊन ओढून घेई. इंजेक्शनच्या पद्धतीत ते सुईसारख्या तोंडातून मोजून फवारावे लागते. असा फवारा उडावयाचा तर मागून जोर हवा. म्हणून नळीत साधारणपणे वातावरणाच्या तिप्पट दाब ठेवावा लागतो. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज ६ हे नियम देशभर लागू झाले, तेव्हा साध्या मोटारसायकलींतही हीच पद्धत आली. म्हणजे हा पंप आता केवळ मोटारवाल्यांच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. दूधवाल्याच्या दुचाकीतही तो बसलेला आहे.

हा पंप टाकीच्या आतच का ठेवतात, असा प्रश्न साहजिक मनात येतो. त्याचे कारण असे की, पेट्रोल दुरून ओढण्यापेक्षा जवळून ढकलणे सोपे. ओढताना नळीतील दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोलची लवकर वाफ होते. मराठवाड्यातील वैशाखाच्या उन्हात तापलेल्या नळीत अशी वाफ धरली म्हणजे पंप नुसती वाफच घोटीत बसतो. ढकलताना दाब वाढतो व वाफ धरत नाही. शिवाय मोटरीच्या अंगाभोवतालचे आणि तिच्या आतून वाहणारे पेट्रोल तिला थंड ठेवते. म्हणूनच टाकी वरचेवर कोरडी होईपर्यंत गाडी हाकणे पंपाच्या आयुष्याला घातक. पाव टाकी राहिली की भरावी, हा जुन्या चालकांचा शिरस्ता या पंपाच्या बाबतीत तर फारच शहाणपणाचा आहे.

विजेची मोटर पेट्रोलात बुडवून ठेवावयाची, हे ऐकून कोणाच्याही अंगावर काटा येईल. परंतु पेट्रोलचा द्रव स्वतः पेटत नाही. पेटते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठराविक प्रमाणात मिसळली तरच. हे प्रमाण शंभर भागांत सुमारे दीड ते साडेसात भाग एवढेच आहे. पंपाच्या आत हवा नसते, सारे पेट्रोलच असते. आणि टाकीत वर जी पोकळी असते तीत वाफ इतकी दाट असते की ठिणगीलाही तेथे पेट घेता येऊ नये. धोका आहे तो पेट्रोल टाकीबाहेर, मोकळ्या हवेत सांडते तेव्हा. ही गोष्ट मनात पक्की धरावी. पुढील सारे विवेचन तिच्यावर उभे आहे.

आता विजेच्या वाटेकडे वळू. ज्यांच्या शेतात विहिरीवर विजेचा पंप आहे त्यांना हे समजणे अवघड नाही. तेथे भिंतीवर एक स्टार्टर असतो. हिरवे बटण दाबले की आतील एका लहानशा वेटोळ्यातून थोडी वीज जाते, वेटोळे लोहचुंबक बनते, एक पट्टी खेचून घेते, आणि त्या पट्टीवाटे मोटरीला लागणारी मोठी वीज वाहू लागते. वीज गेली की चुंबक सुटतो, पट्टी मागे येते; आणि वीज परत आली तरी माणसाने बटण दाबल्यावाचून मोटर सुरू होत नाही. बोटाला शिवते ती लहान वीज. मोठी वीज तिच्या आज्ञेत राहते.

मोटारगाडीत हेच काम रिले करतो. रिले म्हणजे बॉनेटखालच्या किंवा डॅशबोर्डाखालच्या फ्यूजच्या पेटीत बसविलेली, आगपेटीपेक्षाही लहान अशी एक चौकोनी डबी. तिला खाली चार पाय असतात, आणि पुष्कळ गाड्यांत त्यांवर ३०, ८७, ८५ व ८६ असे जर्मन पद्धतीचे अंक असतात. ३० व ८७ ही मोठ्या विजेची वाट. बॅटरीतून निघालेली वीज फ्यूजमधून ३० वर येते, आतील पट्टी मिटली की ८७ वर जाते, तेथून तारेने टाकीतील पंपाकडे, आणि पंपातून गाडीच्या लोखंडी अंगावाटे, म्हणजे ज्याला आपण अर्थ म्हणतो त्या वाटेने, बॅटरीच्या दुसऱ्या टोकास परत येते. ८५ व ८६ ही लहान विजेची वाट. तिच्या एका टोकाला किल्लीकडून वीज मिळते आणि दुसरे टोक एंजिनाच्या संगणकाच्या, म्हणजे मेकॅनिक ज्याला ईसीयू म्हणतात त्याच्या, हाती असते. ते टोक संगणकाने अर्थशी जोडले की वेटोळे जागे होते.

मोठी आणि लहान या शब्दांचा अर्थ आकड्यांनी पाहावा. वेटोळ्याचा विरोध समजा ८० ओहम आहे. बॅटरीचा दाब १२ व्होल्ट. बाराला ऐंशीने भागले असता ०.१५ अँपिअर येतात. एवढी किंचित वीज संगणकाच्या नाजूक अंगाला सहज पेलते. पंपाला मात्र ५ अँपिअर किंवा त्याहून अधिक लागतात. ५ अँपिअर आणि १२ व्होल्ट म्हणजे ६० वॉट. हा भार संगणकावर किंवा किल्लीच्या स्विचावर टाकला तर त्यांचे संपर्कबिंदू लवकरच जळून जातील. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट कळते. पंपाच्या वाटेत कोठे गंज धरला आणि तेथे केवळ ०.२ ओहम एवढा विरोध उत्पन्न झाला, तर ५ अँपिअर जाताना १ व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. पंपाला बाराऐवजी अकरा व्होल्ट मिळतात, तो मंद चालतो, दाब पडतो, आणि गाडी घाटात दम टाकते. दोष असतो एका सैल स्क्रूचा आणि आळ येतो पंपावर. म्हणून नवा पंप विकत घेण्याआधी अर्थची जागा घासून पाहावी.

परंतु एवढेच असते तर रिलेला किल्लीने जागे केले असते आणि काम भागले असते. मध्ये संगणक कशाला? तर ज्या संरक्षणाचा उल्लेख वर आला, म्हणजे एंजिन थांबले की पंपही थांबणे, ते जुन्या पंपाबरोबर निघून गेले होते. ते परत आणण्यासाठी संगणकाला पहारेकरी नेमावे लागले. किल्ली फिरविली की संगणक पंपाला साधारण दोन सेकंदच चालू देतो. एवढ्यात नळीत दाब भरतो व गाडी सुरू होण्यास सिद्ध होते. हाच तो बैठकीखालचा घुं आवाज. यापुढे संगणक वाट पाहतो ती एका खुणेची. एंजिनाच्या मुख्य आसाला एक दातेरी चक्र असते व त्याजवळ क्रँक सेन्सर नावाचा चुंबकी भाग असतो. आस फिरू लागला की दाते समोरून जातात आणि सेन्सरातून विजेचे ठोके निघतात. ठोके येत आहेत, म्हणजे एंजिन फिरते आहे. तोवर पंप चालू. ठोके थांबले, म्हणजे एंजिन थांबले. लागलीच रिले सुटतो आणि पंप बंद. किल्ली चालूच राहिली असली तरी बंद.

हा पहिला पहारेकरी. दुसरा आहे तो आघाताचा. फोर्ड कंपनीच्या अनेक गाड्यांत यासाठी एक साधी पण चतुर युक्ती असे. एका खोलगट बैठकीत पोलादाची गोळी चुंबकाने धरून ठेवलेली असते. गाडीला जबर धक्का बसला की गोळी चुंबकापासून सुटून वर उसळते, एका पट्टीवर आदळते आणि पंपाची वाट तोडते. ती वाट परत जोडावयाची तर डबीवरचे बटण हाताने दाबावे लागते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत हे काम एअरबॅगची यंत्रणा करते. फुगा फुगविण्याचा हुकूम सुटला की संगणकाला पंप बंद करण्याची वर्दी मिळते. तिसरा पहारेकरी म्हणजे फ्यूज. त्याच्यावर १५ किंवा २० असा आकडा असतो. तार कोठे घासून लोखंडाला टेकली तर वीज एकदम वाढते आणि तार तापून पेटण्याआधी फ्यूज स्वतः वितळतो.

या तिघांची योग्यता कशात आहे ते आता पाहावे. असा पंप मोकळ्या तोंडाने मिनिटाला लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पेट्रोल सहज फेकतो. रात्रीच्या वेळी गाडी उलटली आहे, पेट्रोलची नळी तुटली आहे, किल्ली चालूच आहे आणि आत माणसे अडकली आहेत, असे चित्र मनापुढे आणावे. पहारेकरी जागे असतील तर क्षणार्धात पंप थांबतो. नळीत उरलेले थोडे पेट्रोल तेवढे सांडते. पहारेकरी नसतील तर पाच मिनिटांत पाच लिटर पेट्रोल तापलेल्या लोखंडावर आणि मोकळ्या हवेत येते. मघाशी सांगितलेले दीड ते साडेसात हे प्रमाण जुळून यावयाला मग कितीसा उशीर? बाहेरून धावत आलेल्या माणसांना दार फोडण्यास जो अवधी लागतो, तो अवधी हे तीन पहारेकरी मिळवून देतात.

आता बंद पडलेल्या गाडीकडे येऊ. किल्ली फिरविली आणि आवाज आला नाही. अशा वेळी क्रमाने पाहिले तर बहुधा पाच-दहा मिनिटांत दोष कोठे आहे ते कळते. प्रथम फ्यूज काढून पाहावा. तो वितळला असेल तर त्याच आकड्याचा दुसरा एकदाच घालून पाहावा. तोही गेला तर तारेतच दोष आहे असे समजावे. मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालण्याचा मोह टाळावा. फ्यूज शाबूत असेल तर रिले पाहावा. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच जातीचा असतो. दोन्ही काढून अदलाबदल केली, की पंप चालू झाला आणि हॉर्न मुका झाला तर चोर सापडला. त्यानंतर पंपाच्या जोडावर टेस्ट लॅम्प लावावा. किल्ली फिरविताच तो दोन सेकंद पेटला, तर वीज पोहोचते आहे आणि दोष पंपातच आहे. मुळीच पेटला नाही, तर दोष वाटेत, रिलेच्या आज्ञेत किंवा अर्थमध्ये आहे. किल्लीबरोबर आवाज येतो, पण सेल्फ मारताना गाडी पकडत नाही, असे असेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा. ठोके न मिळाल्यामुळे संगणक पंप बंद ठेवतो आणि तो आपले कर्तव्यच करीत असतो. आघाताचे बटण असणाऱ्या गाडीत ते उसळले आहे काय तेही पाहावे. खड्ड्यात आपटल्यानेही ते कधी कधी उसळते. मात्र ते दाबण्यापूर्वी गाडीखाली वाकून पाहावे, पेट्रोलचा वास येतो काय ते पाहावे, आणि वास येत असेल तर बटणाला हात लावू नये. या साऱ्या तपासणीत विडी-सिगारेट व काडेपेटी दूर ठेवावी हे सांगण्याची गरज पडू नये; परंतु अंधारात काडी ओढून टाकी पाहणारी माणसे अजूनही आढळतात.

यापुढची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. रिले गेलेला आहे, दिवस मावळतीला आला आहे, दुकान दूर आहे, गाडीत वृद्ध आई आणि झोपलेली मुले आहेत. अशा वेळी रस्त्याकडेचा कारागीर म्हणतो, "साहेब, डायरेक्ट देतो, घरापर्यंत काही होणार नाही." म्हणजे काय करतो? बॅटरीपासून किंवा रिलेच्या ३० पासून एक तार काढून थेट पंपाला जोडतो. पंप गुणगुणू लागतो, गाडी सुरू होते, सर्वांच्या चेहऱ्यावर हसू येते. कारागिराने फसविले असे नाही; त्याने अडलेल्या कुटुंबाला मार्गी लावले. बहुतेक वेळा गाडी खरोखरच घरी पोहोचते. आणि पोहोचली म्हणूनच ती तार तशीच राहते. आठवडा जातो, महिना जातो. गाडी चालते आहे, मग खर्च कशाला? पुढे गाडी विकली जाते, आणि नव्या मालकाला त्या तारेची वार्ताही नसते.

त्या एका तारेने काय झाले? संगणकाचा शब्द निरर्थक झाला; गोळी उसळली तरी कोणाला कळणार नाही; आणि तार फ्यूजच्या अलीकडून घेतलेली असेल तर तिसरा पहारेकरीही घरी बसला. गाडी चालते पहिल्यासारखीच. तीत काही कमी आहे हे कळावयाचे एकच साधन आहे, आणि ते म्हणजे अपघात.

आपल्या खेडोपाडी याच जातीचे दुसरे उदाहरण आहे. विहिरीवरच्या स्टार्टरला शेतकरी ऑटो स्विच लावतात, म्हणजे वीज येताच माणसावाचून मोटर सुरू होते. रात्री-बेरात्री वीज येणाऱ्या भागात ही सोय कोणाला नकोशी वाटेल? परंतु वीज परत येताच साऱ्या शिवारातील मोटरी एकदम सुरू होतात आणि रोहित्र जळते. म्हणून हे स्विच काढा अशी विनवणी महावितरण वारंवार करीत असते. दोन्ही ठिकाणी माणसाची अडचण खरी आहे. दोन्ही ठिकाणी ज्या खटक्याला आपण अडथळा समजून काढून टाकतो, तो मुद्दाम घातलेला अडथळा आहे.

मग अडलेल्याने करावे काय? उत्तम मार्ग म्हणजे गाडी ओढून नेणे, आणि बहुतेक विमा कंपन्या अशी मदत देऊ करतात. दुसरा मार्ग म्हणजे पंपाचा एक रिले व दोन-तीन फ्यूज गाडीत ठेवणे. पायातील जोड्यापेक्षाही त्यांना कमी पैसे पडतात आणि मुठीएवढी जागा पुरते. थेट तार जोडून क्षणभर पंप चालवून पाहणे ही परीक्षेची रीत म्हणून रास्त आहे. परीक्षा झाली की तार काढावी. अगदीच निरुपाय झाला व तशीच गाडी न्यावी लागली, तर तारेत फ्यूज असावा, चालकाच्या हाताशी बंद करण्याचा खटका असावा, जवळच्या गावापर्यंतच सावकाश जावे, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच पहिले काम ती तार काढण्याचे करावे. मात्र हा खटका माणसाच्या हातात आहे हे विसरू नये. अपघातात हात चालेलच अशी खात्री कोणी द्यावी? जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही एक परीक्षा अवश्य करावी: एंजिन सुरू न करता किल्ली फिरवावी आणि ऐकावे. घुं आवाज दोन-तीन सेकंदांत थांबला तर बरे. तो थांबतच नसेल तर कोणी तरी पहारा उठविलेला असण्याचा संभव आहे, आणि जाणत्या माणसाकडून तारा तपासून घ्याव्यात.

तारांचा दोष मुळीच नसताना पंपच दगा देतो, असेही घडते. २०२० सालच्या जूनमध्ये होंडाने भारतातील ६५,६५१ गाड्या आणि जुलैमध्ये मारुती सुझुकीने वॅगन-आर व बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या पंपाच्या संभाव्य दोषासाठी तपासणीस बोलाविल्या व सदोष पंप विनामूल्य बदलून देण्याचे जाहीर केले. अमेरिकेतही त्याच सुमारास टोयोटा, होंडा आदी कंपन्यांनी लाखो गाड्या या भागासाठी परत बोलाविल्या. तेथे नोंदले गेलेले कारण असे की, पंपातील पेट्रोल ढकलणारे प्लास्टिकचे चक्र पेट्रोल शोषून फुगे, घासू लागे आणि शेवटी अडकून पडे. गाडीचा चासी नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घातला म्हणजे आपली गाडी अशा यादीत आहे की नाही ते समजते. पुष्कळ घरी हे काम आळसाने राहून जाते. भर वेगात एंजिन बंद पडले की स्टीअरिंग जड होते, ब्रेकला मिळणारी मदतही थोड्या वेळात संपते. म्हणून हा आळस परवडणारा नाही.

डिझेलच्या गाड्यांविषयी एक वाक्य सांगितले पाहिजे. जुन्या डिझेल एंजिनात तेल खेचणारा पंप एंजिनच फिरवी. नव्या कॉमन-रेल पद्धतीच्या कित्येक गाड्यांत मात्र टाकीत विजेचा पंप असतो, आणि तेथेही त्याची सूत्रे संगणकाकडे दिलेली असतात.

नळदुर्गचा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना तेथील पाणीमहाल आठवत असेल. इब्राहिम आदिलशाहाच्या काळच्या त्या कारागिरांनी बोरी नदी बांध घालून अडविली. पण अडविलेल्या पाण्याला बाहेर पडण्यासाठी बांधावरच वाटा ठेवल्या. पावसाळ्यात त्या वाटांनी पाणी कोसळते व लोक नर-मादी धबधबे म्हणून ते पाहावयास जातात. बांध शतकानुशतके टिकला यात त्या वाटांचा वाटा मोठा आहे. कोणी जागा वाया जाते म्हणून त्या बुजविल्या असत्या तर उन्हाळ्यात काहीच बिघडलेले दिसले नसते. यंत्र बांधणाऱ्याची बुद्धी अशाच ठिकाणी दिसते: रोजच्या वापरात ज्याचा उपयोग भासत नाही, ते त्याने एका वाईट दिवसासाठी करून ठेवलेले असते.

आता विजेवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांवर दिसू लागल्या आहेत. त्यांत पेट्रोल नाही, टाकी नाही, अर्थातच हा पंपही नाही. परंतु त्यांच्या शेकडो व्होल्टच्या बॅटरीपुढे मोठे रिले बसविलेले असतात, आणि गाडी आदळल्याची वर्दी मिळताच ते सुटून बॅटरीची वाट तोडतात. इंधन बदलले तरी पहारा उठलेला नाही. तेव्हा गाडी कोणतीही असो, दुरुस्ती झाल्यावर पैसे देताना कारागिराला एवढे अवश्य विचारावे, की कोठे काही थेट जोडले आहे काय. आणि जोडले असेल तर ते कधी काढावयाचे, तो दिवस तेथेच ठरवून घ्यावा.